मिस्त्रींचं नाक

त्या गल्लीत मिस्त्रींच्या नाकाला मोठा मान होता. इंजिनातलं तेल मोजायची पट्टी उपसायची, बोटावर थेंब घ्यायचा, नाकाशी न्यायचा आणि निकाल द्यायचा, "पेट्रोल उतरलंय." तीस वर्षांत हा निकाल कधी फिरला नाही.

टर्बोच्या नव्या छोट्या गाड्या आल्यापासून तर या नाकाला उसंत नव्हती. त्यांच्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतात. गार इंजिन दहा मिनिटं पळवून बंद केलं, की न जळलेलं पेट्रोल ओघळून खालच्या तेलात मिसळतं. तेल पातळ होतं, पण पट्टीवर वाढलेलं दिसतं. मालक खूश होऊन सांगायचे, "गाडी थेंबभर तेल खात नाही, उलट वाढतंय."

"तेलाला काय पोरं होतात होय?" मिस्त्री विचारायचे.

गल्लीतल्या नर्सची, सगळ्यांच्या सिस्टरची, गाडी अशीच होती. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर, बस. दुसऱ्या दिवशी वडिलांना डोळ्यांच्या ऑपरेशनला घाटापलीकडे न्यायचं होतं, म्हणून ती सकाळीच गाडी दाखवायला आली. पट्टीवर तेल खुणेच्या बोटभर वर होतं. मिस्त्रींनी वास घेतला. काही नाही. मागच्या खेपेला आपल्याच हातून जास्त पडलं असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं. ज्या माणसाने जन्मात कुणाच्या गाडीत चमचाभर तेल जास्त ओतलं नाही, त्याने असं म्हणावं! पण नाकावर एवढा विश्वास, की डोळ्यांना कोण विचारतो?

"बिनधास्त जा," ते म्हणाले.

दुपारी ते जेवायला बसले. बायको ताट वाढता वाढता थबकली. "अहो, हात नीट धुवा. पेट्रोलचा भपकारा येतोय."

सकाळपासून त्यांनी सिस्टरच्या पट्टीनंतर फक्त एका गाडीचे ब्रेक उघडले होते, आणि ब्रेकमध्ये पेट्रोल नसतं. त्यांनी बोटं हुंगली. मग बाही हुंगली. मग ताटातली गरम भाजी. कशालाच वास नव्हता. महिन्यापूर्वीचा ताप आठवला, आणि तेव्हापासून रोज बायकोला ऐकवलेलं वाक्यही. "हल्ली तुझ्या हाताची चव गेलीय."

चव तिच्या हाताची गेली नव्हती. पाणी झालेल्या तेलावर ती गाडी घाट चढणार, टर्बो तापणार, बेअरिंगं घासणार आणि म्हातारा माणूस भर चढावर अडकणार. गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं? गाड्या बंद पडतातच. पण ते ताटावरून उठले आणि तडक सिस्टरच्या दारात गेले.

"माझं नाक गेलंय," ते म्हणाले. "सकाळी मी चुकीचं सांगितलं. चावी द्या."

सिस्टरने चावी पुढे केली. "हे गल्लीत कळलं तर?"

"कळू द्या."

त्यांनी जुनं तेल काढलं. धार पाण्यासारखी पडली. नवं तेल, नवा फिल्टर घालून त्यांनी सिस्टरला बजावलं, "आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास सलग चालवा. तेल चांगलं तापलं की त्यातलं पेट्रोल बरंचसं उडून जातं. पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या किलोमीटरलाच तेल बदलायला या. आणि पट्टीवर तेल वाढलेलं दिसलं, तर मी काहीही म्हणालो तरी ऐकू नका."

सिस्टर वडिलांना घेऊन घाट चढली, उतरली आणि गल्लीभर मिस्त्रींचं कौतुक सांगत सुटली. माणसाने आपली चूक अशी चालत जाऊन सांगावी, याला छाती लागते. गिऱ्हाईक एकही तुटलं नाही.

आता दुपारी बायको गॅरेजमध्येच डबा घेऊन येते. आधी ओळीने पट्ट्या हुंगते. "हिच्यात आहे. हिच्यात नाही." मिस्त्री तिचा निकाल निमूट पाळतात. मग दोघं बाकावर जेवायला बसतात.

"छान झालंय," परवा ते पहिल्याच घासाला म्हणाले.

"चव लागते का?"

"नाही," मिस्त्री म्हणाले. "पण तू चाखून आणलंयस ना?"