मागच्या सीटवरून पारखलेल्या गाड्या

आमच्या ह्यांनी उभा जन्म दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, आणि स्वतःची घ्यायची वेळ आली तेव्हा माझ्या नाकी नऊ आणले. मी रागावून सांगतेय असं वाटत असेल तर बरोबरच वाटतंय. राग आहेच.

हे ड्रायव्हर. एका कारखान्याच्या मालकाकडे होते, पांढरा शर्ट आणि पॉलिश केलेले बूट घालून. त्या मालकांना आम्ही घरीसुद्धा साहेबच म्हणायचो. गाडी चालवताना बोलायचं नाही, मागे बघायचं नाही, साहेब फोनवर काय बोलले ते ऐकलं तरी ऐकलं नाही असं समजायचं, हे त्या नोकरीचे नियम. ते ह्यांच्या अंगात इतके मुरले की घरीही एखादी गोष्ट मनात ठेवून तासन् तास बसतील, आणि काय झालं विचारलं की म्हणतील, "काही नाही गं." मी तीस वर्षं त्या 'काही नाही गं'शी संसार केला.

गेल्या हिवाळ्यात ती नोकरी संपली. "साहेबांनी नवा माणूस ठेवला," एवढंच सांगितलं. वय झालंच होतं, मी जास्त खोदलं नाही. त्याच सुमारास आमच्या लेकीने दिवस गेल्याचं कळवलं. ती राहते लांब, डोंगरातल्या गावात. रेल्वे तिथे जात नाही, रस्त्याने सात-आठ तास लागतात. नवरा जहाजावर, तो बाळ झाल्यावर महिन्याने येणार. सासू नाही. फोनवर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणायची, "आई, मला आत नेतील तेव्हा तू दाराबाहेर हवीस. बाकी मी सगळं बघेन." मी शब्द दिला.

शब्द दिला खरा, पण मध्ये माझी कंबर होती. आयुष्यभर मशीनवर वाकून लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवले, त्याचं बक्षीस म्हणून मणका सरकला. बसमध्ये पाय ठेवायचा नाही अशी डॉक्टरांची ताकीद. मी म्हटलं, "भाड्याची गाडी करू आणि आधीच जाऊन राहू." तर हे ताठ झाले. "तुला मी कोणाच्याही हाती देणार नाही. आपली गाडी घेऊ. अशी घेऊ, की खड्ड्यातून गेलेलं तुझ्या कमरेला कळणार नाही. मी नेतो तुला."

खोटं कशाला बोलू, मी विरघळले. इतक्या वर्षांत हे मला कुठेही गाडीने घेऊन गेले नव्हते. गाडी साहेबांची, पेट्रोल साहेबांचं. मी बसनेच फिरले.

नवी छोटी गाडी घ्यायला हे तयार नव्हते. "तो डबा. दुसऱ्या वळणाला रडशील." त्याच किमतीत श्रीमंतांनी चार-पाच वर्षं वापरून सोडलेली मोठी आलिशान गाडी मिळते, हे ह्यांना पक्कं ठाऊक. शहराबाहेरच्या रस्त्याला अशा गाड्यांचं एक मोठं आवार आहे. तिथला विक्रेता भर उन्हातही कोट घालायचा, म्हणून मी त्याला मनात कोटवाला म्हणायला लागले.

पहिल्या दिवशी काळी पाहिली. लांबलचक, एखाद्या मंत्र्याची असावी अशी. ह्यांनी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला. पुरात बुडालेल्या गाडीचा चिखल तिथे राहतो म्हणे. गालिचा उचलून वास घेतला. कोटवाल्याने किल्ली पुढे केली.

"घ्या काका, मारा एक चक्कर."

"तुम्हीच चालवा. अशी गाडी मागच्या सीटवरून पारखायची असते. पुढून सगळ्याच चांगल्या वाटतात."

मग मला मागे बसवलं, स्वतः माझ्या शेजारी बसले आणि आमच्या मधल्या, हात टेकायच्या पट्टीवर पाण्याचा पेला ठेवला. पाणी किती हलतं त्यावरून गाडीचा स्वभाव कळतो, असं म्हणाले. मला तर मनातून ऐट वाटली. काय माणूस आहे आपला! कोटवाल्याने आम्हाला तळ्यापर्यंत नेऊन आणलं, आणि माझ्या कमरेने एकदाही तक्रार केली नाही.

"मला आवडली," मी म्हटलं.

"हवेवर तरंगते ही. चाकांवर स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या आहेत; त्यांतली हवा गेली की एका सकाळी कोपऱ्यात बसलेली दिसेल. आणखी बघू."

दुसऱ्या खेपेला चंदेरी. ही बसकी, रागीट तोंडाची. खड्ड्यातून गेली की खड्डा किती खोल होता ते मणक्याला मोजून सांगायची. उतरताना मला उठताच येईना. कोटवाल्याने एक हात धरला, ह्यांनी दुसरा, आणि दोघांनी मला विहिरीतून काढावं तसं बाहेर काढलं. ही नको हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता. तरी पुढच्या खेपेला हे पुन्हा तिच्यापाशीच जाऊन उभे. "टायर बदलले तर मऊ होईल कदाचित." मी म्हटलं, "टायर बदला नाहीतर बायको बदला, पण काहीतरी ठरवा."

तिसरी मोतिया रंगाची. जुन्या धाटणीची, फुगीर, आणि आत बसल्यावर वाटावं की कोणीतरी हॉलमधला सोफाच उचलून चाकांवर ठेवलाय. पेल्यातलं पाणी हललं नाही. दार मोठं, सीट उंच, मी एकटी बसले आणि एकटी उतरले. माझ्या दृष्टीने विषय संपला होता. ह्यांच्या दृष्टीने सुरू झाला. पेट्रोल फार पिते. सुटे भाग बाहेरून मागवावे लागतात. मागचा मालक सिगारेट ओढत असावा. आणि शेवटी, "घड्याळ मागे पडतंय हिचं."

"घड्याळ मी घरून आणते!" मी ओरडले. आवारात गाड्या पुसणारा माणूस फडकं हातात धरून बघत राहिला.

असे किती रविवार गेले. काळी, चंदेरी, मोतिया. मग पुन्हा काळी. प्रत्येक वेळी कोटवाला चालवणार, हे मागे पेला धरून बसणार आणि घरी येताना मान हलवणार. लेकीचा फोन आला की पहिला प्रश्न गाडीचा. "बाबांनी घेतली का गं?" मी म्हणायचे, "घेतील या आठवड्यात." तिकडे तिचे दिवस भरत आलेले, इकडे माझा जीव टांगणीला. मी ह्यांच्याशी भांडले, रडले, दोन दिवस अबोला धरला. अबोल्याचा ह्यांच्यावर काय परिणाम होणार? त्यांना तो आवडतच असावा.

एकदा हे गाडीखाली वाकून बघत होते, तेव्हा कोटवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "काकू, रागावू नका, पण असं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही. काकांनी अजून एकदाही स्टिअरिंगला हात लावलेला नाही."

"त्यांना लागत नाही हात लावायला," मी त्याला फटकारलं. नवऱ्यावर आपण चिडावं, परक्याने चिडू नये.

डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला अजून तीन आठवडे होते. आम्ही सकाळी सकाळी आवारात पोचलो होतो; आज मोतिया पक्की करायची नाहीतर मी घरी येणार नाही, असं मी निघतानाच बजावलं होतं. तेवढ्यात लेकीच्या शेजारणीचा फोन आला. कळा सुरू झाल्या होत्या, तिला दवाखान्यात घेऊन चालले होते. मागून लेकीचा आवाज ऐकू आला, "आईला म्हणावं निघ. लगेच निघ."

मी कोटवाल्यासमोर हातच जोडले. माणूस भला निघाला. ह्यांनी चेक लिहून दिला, तो म्हणाला, "कागदांचं मागाहून बघू, काकू. तुम्ही निघा." आणि मोतियाची किल्ली ह्यांच्या हातात दिली.

हे किल्लीकडे बघत उभे राहिले.

"अहो, चला ना!"

बसले. सीट पुढे घेतली, आरसे लावले, बराच वेळ लावत राहिले. मी मागे उशी घेऊन कशीबशी टेकले. गाडी हलली, दोन रांगांमधून फाटकाकडे निघाली, आणि डावीकडून काहीतरी चिरडल्याचा आवाज आला. पाठोपाठ शिवी. गाड्या पुसणाऱ्याची बादली चाकाखाली गेली होती. तो स्वतः उडी मारून बाजूला झाला होता, म्हणून वाचला. सकाळच्या लख्ख उन्हात, लाल बनियन घातलेला धडधाकट माणूस.

ह्यांनी गाडी बंद केली. हात स्टिअरिंगवरच होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"तो दिसला नाही मला."

"दिसला नाही म्हणजे? समोर तर होता!"

"समोर नव्हता. डावीकडे होता. डावीकडचं दिसत नाही मला." हे आरशात न बघता बोलत होते. "काचबिंदू आहे. साहेबांची गाडी खांबाला घासली, तेव्हा त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. मग घरी पाठवलं."

"हिवाळ्यात?"

"हो. ड्रॉप घालतोय. वाटलं, सुधारेल. तोवर गाड्या बघत राहू."

"सुधारेल असं डॉक्टर म्हणाले?"

"नाही. गेलेलं परत येत नाही म्हणाले."

इथे मला त्यांची दया आली असं सांगायला हवं. आली नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डोळा गेला त्यात त्यांची काय चूक? पण सगळ्या गाड्यांमध्ये खोट काढत बसले, घड्याळात खोट काढली, आणि खोट कुठे आहे ते बायकोला सांगितलं नाही! दोन महिन्यांपूर्वी भाड्याची गाडी करून मी लेकीजवळ जाऊन बसले असते. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. कोटवाला आणि तो बादलीवाला, दोघेही खाली बघत उभे होते.

किल्ली परत दिली, चेक मागे घेतला आणि मिळेल ती टॅक्सी केली. जुनाट, कडक, खिडकीची काच अर्धीच वर जाणारी. मी मागच्या सीटवर आडवी पडले, माझं डोकं ह्यांच्या मांडीवर, आणि ह्यांनी दोन्ही हातांनी माझी कंबर दाबून धरलेली. प्रत्येक खड्ड्याला डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. आणि आश्चर्य म्हणजे हे बोलत होते. गाडी दुसऱ्याच्या हातात होती म्हणून असेल. रस्ता ओलांडताना स्वतः कसे थांबतात, कोणाच्या मागे मागे जातात; जिन्यात शेजारी डावीकडून आले की कसे दचकतात; तीस वर्षं लोक ह्यांच्या भरवशावर मागे झोपले, आणि आता मला मागे झोपवायची हिंमत होईना, तेही. मी सगळं ऐकलं.

पोचलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. बाळ दुपारीच झालं होतं. मुलगी. लेक पलंगावर पडली होती, ओठ सुकलेले, केस कपाळाला चिकटलेले.

"आई, तू नव्हतीस," ती म्हणाली.

भांडली असती तर मला सोसलं असतं. ती भांडली नाही, नुसतं सांगितलं. मी तिचा हात धरून उभी राहिले, बसता येत नव्हतं म्हणून.

मग ती दाराकडे बघून म्हणाली, "बाबा, शेवटी कुठली घेतलीत?"

हे उंबऱ्यातच उभे होते. काय झालं ते सांगायला माझी जीभ शिवशिवत होती, हक्कही होता माझा. पण माझ्या तोंडून निघालं, "तुझ्या बाबांना एकही पसंत पडली नाही."

"एक गाडी निवडता येऊ नये तुम्हाला?" आता मात्र तिचा आवाज चिरकला. "एवढ्या दिवसांत? मी इथे एकटी..."

हे आत आले. पलंगाच्या कडेशी थांबले.

"निवडली होती," हे म्हणाले. "तुझ्या आईने निवडली होती. चांगली होती गाडी. मला चालवता आली नाही, बाळा. मला एका बाजूचं दिसत नाही. घरी सांगितलं नाही, म्हणून तुझी आई वेळेवर आली नाही."

टॅक्सीतलं सोडलं तर माझ्यासमोर हे सलग इतकं कधी बोलले नव्हते. लेक रडायला लागली. हे मान खाली घालून उभे राहिले, साहेबांसमोर उभे राहत असतील तसे. पाळण्यात बाळाने आवाज केला तेव्हा आवाज कुठून आला ते शोधायला ह्यांनी आख्खी मान वळवली, आणि तरी पाळणा सापडेपर्यंत वेळ गेला.

राग गेला नव्हता. अजूनही गेलेला नाही. मी वाकू नये असं डॉक्टरांनी सांगितलंय, तरी वाकले, नातीला उचललं आणि ह्यांच्या उजव्या हातावर दिलं. डाव्या हातावर दिली असती तर तिचा चेहरा त्यांना दिसला नसता.