फक्त दोन पोपट

पोरांनो, तुमच्या बागेत हिरव्या पोपटांचा थवा येतो म्हणून तुम्ही हौसेने फोटो पाठवलात. मी कौतुक करणार नाही. हे पाखरू मला बहारीनपासून ठाऊक आहे, आणि ओळख वाढली तसा त्याच्याबद्दलचा आदर कमीच झाला.

सत्तरच्या दशकात आम्ही तिथल्या राजधानीत, मनामाला, एका बहारीनी विधवेच्या घरात वरच्या मजल्यावर राहत होतो. खाली अंगणात तिचं एकच खजुराचं झाड. उन्हाळ्यात पहिला घड उतरला की ताटभर खजूर तिच्या लेकीच्या सासरी जायचा. नवरा गेल्यावर लेकीला पाठवण्यासारखं स्वतःचं असं तेवढंच तिच्याजवळ उरलं होतं.

सुरुवातीला मनामात पोपट दिसायचे ते पिंजऱ्यातच. बाजारात विकायला यायचे, आपली माणसं ते घ्यायची आणि मिरची भरवून बोलायला शिकवायची. नोकरी संपून परत जायची वेळ आली की पोपटाचं लोढणं व्हायचं. मग गच्चीवर जाऊन पिंजऱ्याचं दार उघडायचं आणि एक जीव मुक्त केला म्हणून डोळे पुसायचे. हे सगळं मुलांच्या शाळेचं वर्ष संपल्यावर, म्हणजे नेमकं खजूर पिकायच्या दिवसांत.

सुटलेले पोपट उन्हाने मरतील असं मला वाटायचं. कसले मरतात! लोकांनी पाणी घालून जगवलेल्या बागा त्यांना आयत्या मिळाल्या. झाडांच्या पोकळ्यांतून चिमण्यांना हुसकून तिथे अंडी घातली. ऐंशीनंतर तर थवेच्या थवे झाले. खाण्याची रीत अशी, की एका खजुराला एक चावा, तो खाली टाकायचा, लगेच दुसरा. भुकेल्याचा मला राग येत नाही, नासाडी करणाऱ्याचा येतो.

घरमालकीण घडांना गोणपाट बांधायची, ते हे फाडायचे. मग ती खालून ओरडायची, "मदाम! तुम्हारा हिंदी आया! सब खजूर खलास!" हिंदी म्हणजे हिंदुस्थानातले. या फुकट्यांपायी मला मान खाली घालावी लागे.

एका उन्हाळ्यात शेजारच्या इमारतीतल्या ठाण्याच्या बाई कायमच्या परत निघाल्या. एका हातात पिंजरा, दुसऱ्या हातात हळदीकुंकवाचं तबक घेऊन थेट आमच्या गच्चीवर आल्या.

"वहिनी, तुमच्या गच्चीवरूनच सोडते हं. समोर झाड आहे, त्यांना घरच्यासारखं वाटेल."

"झाड त्यांच्या घरचं नाही. खाली राहते तिच्या घरचं आहे."

"अहो, फक्त दोन तर आहेत! दोघं मिळून किती खाणार?"

"मागच्या वर्षी सोडणारीसुद्धा हेच म्हणाली होती. तिच्या आधीचीसुद्धा."

"तुम्हाला बाई दयामाया नाही. मुक्या जिवांना असं कोंडून ठेवायचं?"

तेवढ्यात पिंजऱ्यातला एक खणखणीत आवाजात ओरडला, "चहा झाला का?"

"हे मुके?" मी म्हटलं. "आणि इतकी वर्षं कोंडलं कोणी?"

बाईंनी कुंकू लावून दार उघडलं. पोपट जागचे हलले नाहीत; इतक्या वर्षांत त्यांना दाराचं काम उरलं नव्हतं. मी पुढे होऊन कडी लावली.

"पिंजरा इथेच राहू द्या."

"सांभाळाल?"

"सोडणार नाही, एवढं नक्की."

पिंजरा माझ्या हवाली करून गेल्या, तरी पुढे कित्येक वर्षं दिवाळीच्या पत्रात त्या लिहीत, त्या दोघांना मुक्त केलं त्याचं समाधान वाटतं. ते दोघे तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात बसून बाईंच्याच आवाजात चहा मागत असत. मी रोज पिंजरा धुतला, वेळेवर खायला घातलं आणि बोटांवर त्यांचे चावे सोसले. प्रेम जडलं नाही.

आमची परतायची वेळ आली तेव्हा घरमालकीण स्वतः वर आली. तिने पिंजरा उचलला, कडी दोनदा ओढून पाहिली. "ये हिंदी बाहर मफी," म्हणाली. मफी म्हणजे नाही. मग पिशवीभर खजूर माझ्या हातात ठेवला.

मी तो मुंबईला येऊन ताटात ओतला. एकही चावलेला नव्हता. त्या झाडाखालच्या सड्यातून एवढे धड खजूर निवडायला तिला किती वेळ लागला असेल, ते तुमच्या फोटोतल्या पाखरांना विचारा.