आवाज न करणारा कॉम्प्युटर

आम्ही मिळून एक कॉम्प्युटर घेतला, त्याला आता वर्ष होत आलं. कॉम्प्युटर एकच, पण त्याचे किस्से इतके, की वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, चहाला बसलो की कोणीतरी म्हणतंच, "आडते, ते दुकानात कान लावल्याचं सांगा ना." मी सांगतो. ऐकणारा त्यात आपली थोडी भर घालून पुढच्याला सांगतो. मागच्या आठवड्यात एकानं माझाच किस्सा मला ऐकवला आणि त्यात मी नव्हतोच! म्हणून ठरवलं, जसं झालं तसं एकदा लिहून टाकावं.

आम्ही म्हणजे चौघं. मी हळदीचा आडत्या, फावल्या वेळात पेटी आणि कीबोर्ड वाजवतो. माझी बायको सुनंदा शाळेत शिकवते आणि आमच्यात कॉम्प्युटर कळणारी ती एकटीच. गोविंदा वायरमन, घराघरांत वायरिंग करतो आणि ढोलकी वाजवतो. आणि रफिकचाचा. चाचांनी पस्तीस वर्षं बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवलं. तालुक्यातल्या निम्म्या नवरदेवांना त्यांनी घोड्यावरून मांडवापर्यंत आणलं असेल. नवरी सासरी निघते तेव्हा ते स्वतःची एक धून वाजवायचे. ती कुठं लिहिलेली नाही आणि दुसऱ्या कोणाला येत नाही.

*

सुरुवात दातांपासून झाली. चाचांच्या हिरड्या खराब झाल्या होत्या. डॉक्टरनं तपासून सांगितलं, वरचे सगळे दात काढावे लागतील, मग कवळी बसवू. तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली.

क्लॅरोनेटचं तोंड वरच्या दातांना टेकवून धरावं लागतं. चाचांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, कवळीनं जमंल का?"

"न जमायला काय झालं? चार-सहा महिन्यांत सगळं खाता येईल. ऊस सोडून."

"खायाचं कोण इचारून राहिलं?" चाचा म्हणाले.

हे त्यांनी आमच्या ओसरीवर बसून हसत हसत सांगितलं. आम्हीही हसलो. सुनंदा उठली, आत गेली, परत आली आणि म्हणाली, "तीन आठवडे आहेत ना? मग तुमचं सगळं रेकॉर्ड करून ठेवू. घरीच."

*

माझ्या आडतीत हिशोबाचा एक जुना कॉम्प्युटर होता. त्याच्यावरच करू म्हटलं. सुनंदानं माइक जोडला, चाचांनी दहा मिनिटं वाजवलं आणि आम्ही ऐकायला बसलो. क्लॅरोनेट होतं, पण त्याच्या मागं सारखी घरघर चालू होती.

गोविंदानं खिडकीतून बाहेर डोकावून पाहिलं. "भाऊ, तुमच्या गल्लीत गिरणी कधी सुरू झाली?"

गिरणी नव्हती. कॉम्प्युटरचा पंखा होता. वर अकराव्या मिनिटाला कॉम्प्युटर जो अडकला, तो बंद करूनच सोडवावा लागला आणि चाचांची दहा मिनिटं त्याच्याबरोबर गेली.

चाचा शांतपणे क्लॅरोनेट पुसत म्हणाले, "काही तकलीफ न्हाई. दात अजून हायेत."

त्या दिवशी नवा कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं.

*

नवा म्हणजे कसा, यावर चाचांच्या घरी बैठक बसली. सुनंदा रॅम समजावून सांगत होती. पहिल्यांदा तिनं शाळेतल्यासारखं सांगितलं. गोविंदानं मान डोलवली, म्हणजे त्याला काही कळलं नाही. मग ती म्हणाली, "हे बघा, डिस्क म्हणजे कोठीची खोली. सामान तिथं राहतं. रॅम म्हणजे ओटा. स्वयंपाक करताना जे लागतं ते ओट्यावर काढावं लागतं. क्लॅरोनेट, ढोलकी, पेटी सगळं एका वेळी वाजवायचं म्हणजे सगळे डबे एका वेळी ओट्यावर. ओटा लहान असला की काम अडकतं."

"मग आठ घ्यायचा का सोळा?" मी विचारलं.

चाचांच्या बायको, शहनाजभाभी, आतून चहा घेऊन येत होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला. "सोला लेव. ओटा मोठा झाला म्हणून रडलेली बाई मी आजवर पाहिली न्हाई."

सोळावर शिक्कामोर्तब झालं.

*

वसमतच्याच एका दुकानात पहिल्यांदा गेलो. दुकानदारानं खेळ खेळायचा मोठा कॉम्प्युटर चालू करून दाखवला. काचेच्या पेटीत लाल, निळे, हिरवे दिवे फिरत होते.

चाचांनी विचारलं, "आवाज किती करतो?"

"आवाज?" दुकानदार खूश झाला. "चाचा, स्पीकर असे देतो की गल्ली हालंल."

"स्पीकरचं न्हाई. ह्यो सोता किती आवाज करतो?"

इतक्या वर्षांच्या धंद्यात हा प्रश्न त्याला कोणी विचारला नसावा. तो माझ्याकडं बघायला लागला. तोवर चाचांनी टोपी काढून कान त्या काचेला लावला होता. डॉक्टर पेशंटची छाती तपासतो तसा, डोळे मिटून. मग शेजारच्या कॉम्प्युटरला. मग त्याच्या शेजारच्या. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं गप्प उभी. एकानं तर आपला वाजत असलेला मोबाईल बंद केला.

"ह्यात पंखे किती?" चाचांनी विचारलं.

"सहा. सगळे लाईटवाले."

"पंखे काढून देता का?"

आम्ही तिथून निघालो.

*

कळमनुरीला एक गृहस्थ घरातच भक्तिगीतं रेकॉर्ड करतात असं कळलं. बाजारच्या दिवशी मी आणि सुनंदा त्यांच्याकडं गेलो. कोणता कॉम्प्युटर घ्यावा, एवढंच विचारायचं होतं. ते म्हणाले, "कॉम्प्युटर मागून बघा, आधी खोली बघा. भिंतीवरून आवाज उलटून येतो, तो मोडला पाहिजे."

"तुमचा स्टुडिओ बघू का?"

त्यांनी कपड्यांच्या कपाटाचं दार उघडलं. आत साड्यांमध्ये एक गायक उभा होता. हातात कागद, तोंडासमोर माइक. आम्हाला बघून त्यानं नमस्कार केला.

परत येताना एसटीत सुनंदा बराच वेळ विचार करत होती. मला वाटलं कॉम्प्युटरचा करत असेल. ती म्हणाली, "इतक्या साड्या आपल्याकडं नाहीत."

*

मग हिंगोलीचं दुकान. इथं भांडण कॉम्प्युटरशी नव्हतं, आपसांत होतं. सुनंदा म्हणत होती लॅपटॉप घेऊ, त्यातल्या त्यात शांत, फिरती डिस्क नसलेला. गोविंदा डेस्कटॉपवर अडून बसला. डेस्कटॉप उघडता येतो, त्यात हात घालता येतो, आणि हात घालता येत नाही अशा वस्तूवर त्याचा विश्वास नाही.

"आन् लाईट गेली तर?" सुनंदानं विचारलं.

"वैनी, पंधरा वर्षं वायरमन हाय मी. लाईटचं माझ्याकडं लागलं. तुमी काहून फिकीर करून राहिल्या? आता दिवस बदलले. आता लाईट अशी..."

लाईट गेली. दुकानातले सातही पडदे एकदम काळे झाले, पंखा थांबला. कोपऱ्यातल्या टेबलावर एकटा लॅपटॉप तेवढा उजळ होता आणि त्याच्या उजेडात गोविंदाचा चेहरा दिसत होता.

गोविंदाच शेवटी म्हणाला, "तोच बांधून द्या."

*

लॅपटॉप घरी आला तेव्हा चाचांच्या तारखेला सहा दिवस राहिले होते. मी कीबोर्ड जोडला आणि पट्टी दाबली. काही नाही. आणि मग, मी बोट उचलेपर्यंत, सूर आला. दुसरी पट्टी दाबली, तेच. बोट पुढं, सूर मागं.

चाचा ऐकत होते. म्हणाले, "असा एक ढोलकीवाला माझ्या माहितीतला हाय."

"चाचा," गोविंदा म्हणाला, "मी समोरच बसलोय."

सुनंदानं दोन दिवस शोधलं. तेव्हा कळलं की नुसत्या कॉम्प्युटरनं भागत नाही, सूर आत घ्यायला आणि बाहेर काढायला वेगळा एक डबा लागतो. नांदेडहून तो आणला. तिनं तो जोडला, आत कुठंतरी एक आकडा कमी केला आणि मला म्हणाली, "दाब."

दाबलं. त्याच क्षणी सूर आला. चाचांनी गोविंदाच्या पाठीवर हात ठेवला. "बघ. सुधारता येतं."

*

खोलीचा प्रश्न माझ्या गोदामानं सोडवला. हळदीची पोती छतापर्यंत रचलेली होती. मध्ये टाळी वाजवली तर टाळी तिथंच मरून जायची, परत यायची नाही. पोत्यांच्या मधल्या बोळीत खुर्ची टाकली, माइक उभा केला आणि तीन दिवस दुपारी चाचा तिथं वाजवत राहिले. वरातीतल्या धुना, आरत्या, पैगंबरांच्या स्तुतीच्या नात, जे जे हाताला आठवलं ते सगळं. ओठ दुखायला लागले की थांबायचे, पाणी प्यायचे, पुन्हा सुरू.

तिसऱ्या दिवशी, शेवटी, त्यांनी ती निरोपाची धून वाजवली. एकदाच. संपल्यावर क्लॅरोनेट मांडीवर ठेवून बसले. गोविंदाची ढोलकी त्यात होती, पण त्यानं निम्म्यातच हात थांबवला होता. सुनंदानं पडद्यावर बघून फक्त मान हलवली. म्हणजे आलं होतं.

बाहेर पडलो तर चौघंही पिवळे. पोत्यांना टेकून टेकून चाचांचा पांढरा कुडता तर पार केशरी झाला होता. शहनाजभाभी त्यांना न्यायला आल्या होत्या. रस्त्यानं जाणारी एक ओळखीची बाई थांबली, आम्हाला वरपासून खालपर्यंत बघून तिनं विचारलं, "कोणाची हळद हाय?"

"हमारे इनकी," भाभी म्हणाल्या. "लडकी मिलना बाकी है. परसों दात जाते, उसके पहले मिल गई तो ठीक."

*

दात गेले. चाचा दोन-अडीच महिने पातळ भात खात राहिले. त्या काळात मी रेकॉर्डिंग साफ करायला घेतलं. आता एवढा निवडून निवडून आणलेला कॉम्प्युटर, त्याच्यात सगळं करता येतं, मग मी कशाला सोडतो? खुर्चीची करकर काढली. गोविंदाचं खाकरणं काढलं. प्रत्येक ओळीच्या आधी चाचा जो दम घ्यायचे, तो फसकन् आवाज माइकमध्ये मोठा आला होता. तो एक एक शोधून काढला. पंधरा दिवस लागले. मला माझंच कौतुक वाटत होतं.

चाचांना बोलावून ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग बोळक्या तोंडानं विचारलं, "चांगला वाजवतो. कोण हाय?"

"चाचा, तुमीच की."

"मी न्हाई. ह्यो माणूस दम घेत न्हाई." मग म्हणाले, "दम न घेता वाजवणारा मी आजवर पाहिला न्हाई. जिता तरी न्हाई."

सुनंदा तोंडावर पदर धरून आत निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून मी काढलेले दम परत जागच्या जागी बसवायला घेतले. नशीब सुनंदानं मूळ रेकॉर्डिंग वेगळं जपून ठेवलं होतं.

आठवड्यानं काम झालं. दुपारी लॅपटॉप आणि छोटा स्पीकर घेऊन चाचांच्या घरी गेलो. चाचा कवळी बसवून घ्यायला दवाखान्यात गेलेले, हे मला माहीत नव्हतं. दार उघडं होतं. दोनदा मोठ्यानं हाक मारली. आत कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या, वरून नळ सोडलेला, त्यामुळं भाभींना काही ऐकू गेलं नाही. म्हटलं, येतील बाहेर. पुढच्या खोलीत बसलो, लॅपटॉप उघडला, स्पीकर जोडला.

निरोपाची धून लावली. चाचांनी वाजवायच्या आधी घेतलेला दम आला. आवाज जास्त वाटला म्हणून सूर सुरू व्हायच्या आतच थांबवलं, स्पीकर जरा कमी केला आणि परत पहिल्यापासून लावलं. तोवर आत कुकर थांबला होता, नळही बंद झाला होता. पुन्हा तो दम, आवाज अजून जास्त वाटला म्हणून पुन्हा मी थांबवलं.

"आ गए क्या?" आतून भाभींचा आवाज आला. "कवळी बराबर बैठी? पाँव धो लेव, चाय रखतूँ."

तो दम ऐकून भाभींना चाचाच आले असं वाटलं होतं. मी बोट तसंच धरून बसलो. आत कपबशा काढल्याचा आवाज आला. दोन.