रिकामा कंस

एंटर दाबण्याआधी काका एक बोट वर धरत आणि लिहिलेलं मोठ्याने म्हणत, "आधी तिथी, मग बंदर. दिलं." पडद्यावर उत्तर आलं की, "मिळालं."

त्यांचा जन्म जहाजावर गेलेला. तिथे सुकाणूवरच्या माणसाने हुकूम परत म्हणून दाखवायचा असतो, तेव्हाच तो पोचला असं धरतात. निवृत्त झाल्यावर ते मांडवीतल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासला आले. पुतण्याच्या होडीसाठी त्यांना एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा छोटा तुकडा, लिहायचं होतं. कंसात तिथी आणि बंदर दिलं की त्याने भरतीची वेळ सांगायची.

नवशिक्याच्या चुका तुम्हाला ठाऊक असतील. क्रम उलटा होतो, दोनाऐवजी एकच दिलं जातं. आमच्या चुका गुपचूप होत, काकांच्या साऱ्या वर्गाला ऐकू येत. एकदा पौर्णिमा बंदराच्या जागी गेली. मागून कोणीतरी विचारलं, "काका, पौर्णिमेला धक्का आहे का?"

"नाय ना. म्हणून तर होडी बुडाली," काका म्हणाले आणि सर्वांत आधी तेच हसले.

काही फंक्शनांचा कंस रिकामा असतो. त्यांना काहीच नको असतं, बळेच दिलं तर ती अडतात. हा धडा काकांना फार आवडला होता.

त्याच आठवड्यात सर त्यांना म्हणाले, "काका, जरा मनात म्हणा." आणि मी उठले. चळवळीतल्या घरात, पत्रकांच्या गठ्ठ्यांत वाढलेली मी. ज्ञानावर सर्वांचा हक्क, वृद्ध श्रमिकाचा अपमान, सगळं बोलले. सर फळ्याकडे वळले. मला वाटलं, जिंकले. काका मान खाली घालून कीबोर्डकडे बघत होते. कान लाल झाले होते.

सुटल्यावर पायरीवर चपला घालताना ते हळूच म्हणाले, "पोरं माझी मस्करी करायची गो, त्यांच्यातलाच समजून. तू मला म्हातारा केलंस." मग दुसऱ्या चपलेत पाय सरकवत, "रिकाम्या कंसात बळेच घातलंस."

त्यानंतर त्यांना कोणी हसलं नाही. सगळे अदबीने सरकून जागा देत. काकांचं बोट वर जाईना. पुढे ते यायचेच थांबले.

क्लासच्या मशीनवर त्यांचं फंक्शन अजून आहे. आधी तिथी, मग बंदर, क्रम अगदी बरोबर. शेवटची ओळ तेवढी राहिली आहे. ती मला लिहिता येईल. परवा लिहायलाही बसले होते.

मला कोणी सांगितलं नव्हतं. मी हात मागे घेतले.