गेलेल्या बाईंची हजेरी

आमची प्रार्थना दर रविवारी सकाळी सातला फोनवर भरते. आदिलाबादच्या माझ्या स्वयंपाकघरातून मी ती सुरू करते आणि आलेल्यांना एकेक करून आत घेते. येणाऱ्याला जात, पंथ, घरची भानगड विचारायची नाही, एवढाच नियम. नवरा सोडला म्हणून जिला चर्चमध्ये मागच्या बाकावर बसवायचे, ती येते. दुसऱ्या पुरुषासोबत राहणारा एक पुरुष येतो. विहारात जाणारा एक कारकून फक्त गाण्यांसाठी येतो. मी शाळेत शिकवते, त्यामुळे सुरुवातीला हजेरी घेते. नाव घेतलं की 'आहे' म्हणायचं. मग वचन, आणि ज्याला वाटेल तो त्यावर बोलतो.

बाजारहत्नूरच्या निवृत्त नर्सबाई भाद्रपदात गेल्या. मी मातीला गेले, पेटीवर मूठभर माती टाकली आणि दुपारच्या बसनं परतले. पुढच्या रविवारी सवयीनं त्यांचंही नाव वाचलं. चूक लक्षात येईपर्यंत उत्तर आलं होतं.

"आहे."

पडद्यावर त्यांच्या नावाचा काळा चौकोन होता. मीच न बघता आत घेतला होता. मी घाईनं पुढचं नाव वाचलं. नंतर सगळे डोळे मिटून गप्प बसले, तेव्हा त्या चौकोनातून श्वास ऐकू येत होता आणि मधूनच खाटेची करकर.

त्यानंतरच्या रविवारी मी ते नाव मुद्दाम गाळलं. हजेरी संपली, वही मिटली, तोच काळ्या चौकोनातून हळूच आवाज आला.

"एक नाव राह्यलं."

निर्मल गावाहून प्रार्थनेला येणाऱ्या ताईंनी त्याच दिवशी फोन केला. तो चौकोन काढा, नाहीतर मी येणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. कारकून म्हणाला, "मॅडम, मी देवच मानत नाही, भूत कुठून मानू?" मी नर्सबाईंच्या नंबरवर तीनदा फोन लावला. घंटा वाजत राहिली. एक बटण दाबून तो नंबर कायमचा बंद करता आला असता. मी ताईंकडून एक आठवडा मागून घेतला आणि बुधवारी बाजारहत्नूरची बस धरली.

घरी नर्सबाईंची धाकटी जाऊ होती, तीही विधवा. तिचे देव कोनाड्यात होते. आतल्या खोलीत नर्सबाईंची खाट नीट घातलेली होती आणि उशीवर, डोकं टेकतो त्या जागी, फोन ठेवला होता. दर रविवारी आपण पायथ्याशी बसतो, असं जाऊ म्हणाली. दोन वर्षं दाराच्या पडद्याआडून प्रार्थना ऐकली होती. वाचता येत नव्हतं; नर्सबाई कुठे बोट लावायच्या ते पाहून ठेवलं होतं. वाजणारा फोन मात्र उचलायचं धाडस झालं नव्हतं.

पण गेलेल्या माणसाच्या नावाला 'आहे' का म्हणायचं, असं मी विचारलं.

"रेशनवर बी आमी असंच करतो. मानूस नसलं तं घरातलं कोनी बोलते. नाई तं नाव कटते." मग उशीकडे पाहून ती म्हणाली, "तिचं नाव कटलं तं मले कोन आत घेईन? मी तुमच्यातली नाई."

आत येणाऱ्याला आम्ही ते विचारत नाही, एवढं मी सांगितलं आणि तिचं नाव लिहून घेतलं.

घरी येऊन वहीतलं नर्सबाईंचं नाव पट्टी लावून खोडलं, चौकोनावरचंही बदललं. निर्मलच्या ताईंना कळवलं. त्या आल्या.

रविवारी मी नवं नाव वाचलं. चौकोन गप्प. श्वास ऐकू येत होता. पुन्हा वाचलं. बऱ्याच वेळानं उत्तर आलं, "आहे."

नंतर मी उशिराचं कारण विचारलं. आधी थोरल्या जाऊला बोलू द्यावं म्हणून थांबले होते, असं ती म्हणाली.