पार्टनरचं हर्बेरियम

मी ज्युनिअर कॉलेजात बॉटनी शिकवतो. दर वर्षी पोरांकडून हर्बेरियम करून घेतो. झाडं फुलाफांद्यांसकट वर्तमानपत्रांत दाबायची, वाळवायची, जाड शीटवर चिकटवायची आणि खाली नाव-गाव लिहायचं. ‘कागद रोज बदला’ हे सांगताना माझी नजर आपोआप खाली जाते. का जाते, ते मी पंचवीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

बारावीला मार्क कमी पडले, मेडिकल हुकलं. वडील म्हणाले, “बी.एस्सी. कर, पुढचं पुढं बघू.” पुढं काय बघायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं. कळंबहून ट्रंक आणि गादी घेऊन मी उस्मानाबादला आलो. तेव्हा आम्ही धाराशिवला उस्मानाबादच म्हणायचो. पत्र्याची खोली होती. बॉटनीत माझं मन कधी लागलं नाही. सोडायचं म्हटलं तर घरी सांगायची हिंमत नव्हती, करायचं म्हटलं तर पुस्तक उघडवत नव्हतं. सकाळी जाग आली तरी भिंतीकडं तोंड करून पडायचो. पत्रा तापला की नाइलाजानं उठायचो. तिसऱ्या वर्षापर्यंत हेच.

खोलीतला माझा पार्टनर अणदूरकडचा, मेंढपाळाच्या घरातला; वर्गही एकच. मी शेतीवाल्या घरचा म्हणून मला चेष्टेनं ‘मालक’ म्हणायचा. झाडांची त्याची पहिली ओळख मेंढरांवरून. कुर्डू, टाकळा, माका, कुठलं खातात, कुठलं नुसतं हुंगून सोडतात, हे त्याला आधी ठाऊक आणि लॅटिन नाव मागून. तिसऱ्या वर्षाच्या भादव्यात तो आठवडाभर माळानं हिंडला आणि चाळीस झाडं गोळा करून आला. कागदांत घालून, वर फळी ठेवून, त्यानं माझी ट्रंक वजनाला ठेवली. तिसऱ्याच दिवशी गावाकडून निरोप आला, बापाचा पाय मोडलाय, मेंढरांमागं कुणी नाही.

निघताना म्हणाला, “मालक, एवढं काम कर. रोज सांजच्याला कागद बदल. वल्लं काढ, कोरडं घाल.”

“करतो, जा तू.”

“झोपून ऱ्हाशील.”

“करतो म्हटलं ना.”

“एक जरी काळं पडलं तर तुलाच मेंढरांमागं धाडतो बघ.”

पहिल्या दिवशी मी झोपूनच राहिलो. दुसऱ्या दिवशी उद्या एकदम दोनदा बदलू म्हटलं. तिसऱ्या दिवशी ट्रंक उचलली, वरचा कागद बोटाला ओला लागला, आणि ट्रंक होती तशी ठेवून दिली. पुढं आळस उरला नव्हता, भीती होती. उघडलं तर बिघडलेलं दिसणार. न उघडता निदान, असेल चांगलं, असं म्हणता येत होतं. पाचव्या दिवशी वास सुटला. मी दिवसभर स्टँडवरच्या कँटीनमध्ये बसायला लागलो. खोलीत गेलं की तो गठ्ठा, बाहेर आलं की त्याचा विचार. दहा मिनिटांचं काम होतं.

दहाव्या दिवशी तो आला. हातपाय न धुताच गठ्ठा सोडला. पानं काळी, देठांवर पांढरी बुरशी. एकेक कागद उलटत शेवटापर्यंत गेला.

“बदलत होतास न्हवं?”

“रोज. हवाच दमट होती.”

त्यानं एक देठ उचलून नखानं दाबून बघितलं. मग म्हणाला, “म्हंजी माझंच चुकलं. पावसावर लगीच तोडली. पाणी धरलं असंल झाडांनी.”

तेव्हा बोलायला हवं होतं. मी स्टोव्ह पेटवून चहा ठेवला.

बापाच्या पायामुळं त्याला पुन्हा हिंडायला मिळालं नाही, आणि फुलं संपली. मार्चमधल्या प्रॅक्टिकलला त्याच्याकडं कॉलेजच्या आवारात मिळालेल्या झाडांच्या नऊच शीट होत्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या चाळल्या आणि बाजूला ठेवल्या. माझ्याकडं एका सीनिअरची जुनी फाइल होती, त्याची लेबलं सोलून वर माझी चिकटवलेली. मी पास झालो, तो नापास. “फुडल्या साली देतो,” म्हणाला, पण आला नाही. आणि ज्या विषयातून मला सुटायचं होतं, त्याच विषयावर माझी नोकरी चालली.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत गाडी काढली आणि अणदूरला गेलो. एका मोकळ्या रानात त्यानं मेंढरं बसवली होती.

“आरं मालक, पोट सुटलं की लका.”

बांधावर बसलो. त्यानं मुलीचं सांगितलं, नर्सिंगला आहे. “तिला सांगत असतो, बापासारखं करू नगं. तुझ्या बापाला अक्कल न्हवती, वल्ली झाडं दाबली आन् साल घालवलं.”

मग मला सांगावंच लागलं. सगळं सांगितलं, कँटीनसुद्धा.

तो मेंढरांकडं बघत ऐकत होता. “एकदाबी बदलला न्हाईस?”

“एकदाही नाही.”

“मग आता कशाला सांगितलंस?”

“मनात ठेवणं होत नव्हतं.”

“व्हय,” तो म्हणाला. “आता माझ्या मनात ऱ्हाईल.”

काठी घेऊन उठला आणि कळपाच्या पलीकडल्या कडेला गेला. मला जा म्हणाला नाही, थांबही म्हणाला नाही. मी बांधावर बसून राहिलो. उठून त्याच्याकडं जावं की गाडीकडं, ते कळत नव्हतं.