जीपवाल्याचा मदरबोर्ड

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. चिखली-देऊळगाव राजा रस्त्यावर जीप चालवायचा आणि फावल्या वेळात लग्नांचे व्हिडिओ जोडायचा. माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आला की किल्लीनं काउंटरवर टकटक करत राहायचा. तेवढ्यानंच माझं डोकं उठायचं.

त्याच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड सगळ्यात स्वस्तातला, आणि याला हवं प्रोसेसरला ठरल्यापेक्षा जास्त वेगानं पळवणारं ओव्हरक्लॉकिंग. "प्रोसेसर पळवा ना भाऊ! माह्या जीपमंदी नवाची जागा, पंधरा बसतात. याले काऊन नाही झेपत?"

बोर्ड तापतो, हे सांगून मी थकलो. शेवटी म्हटलं, निदान बायोस, म्हणजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, नवं टाकून देतो. ते सुरू केलं आणि बजावलं, "पुरं होईपर्यंत कशालेच हात लावू नका." मी चहा घ्यायला वळलो, तेवढ्यात त्यानं बटण दाबून मशीन बंद केलं.

"अटकलं होतं. गाडी अटकली का किल्ली फिरवतोच ना आपण?"

बायोस अर्ध्यातच तुटलं आणि बोर्ड मेला. वर मलाच विचारतो, "आता नवरीवाल्यायले काय सांगू?"

त्याच्यासाठी नवा बोर्ड आणायला जालन्याला निघालो, तर देऊळगाव राजापर्यंत त्याचीच जीप मिळाली. तासभर झाला, बारा जण कोंबलेले, तरी हा बाहेर निवांत उभा. मी ओरडलो, "निघा ना आता!"

टपावर किल्लीनं टकटक करत तो म्हणाला, "अजून तीन सीटा बाकी हायेत, भाऊ. अर्ध्यात काहाले घाई करता?"